गांजा व्यवसायांसाठी शहराचे परवाना शुल्क कसे ठरवावे : कॅलिफोर्नियातील नवख्यांसाठी मार्गदर्शक

कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो काउंटीत अपलँड नावाचे शहर आहे. औषधी गांजाच्या दुकानांवर तेथे असलेली बंदी उठवावी, यासाठी नागरिकांच्या एका गटाने सह्या गोळा करून प्रस्ताव मांडला. प्रत्येक दुकानाने दरवर्षी ७५,००० डॉलर ‘परवाना व तपासणी शुल्क’ म्हणून शहराला द्यावेत, असे कलम त्यात होते. नगर प्रशासनाने हिशेब केला तेव्हा एका दुकानामागे येणारा खर्च सुमारे १५,००० डॉलरच्या घरात निघाला, आणि वरच्या ६०,००० डॉलरना शुल्क म्हणता येणार नाही, तो कर ठरेल, अशी भूमिका शहराने घेतली. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. ऑगस्ट २०१७ च्या निकालात न्यायालयाने वेगळ्याच प्रश्नाचा निवाडा केला : नागरिकांनी मांडलेल्या प्रस्तावाला करविषयक मतदानाच्या वेळेचे बंधन लागू होते का, हा तो प्रश्न होता आणि उत्तर नकारार्थी आले. तरीही शुल्क ठरवायला बसणाऱ्या प्रत्येकाने या खटल्यातील ते दोन आकडे शेजारी शेजारी लिहून ठेवावेत, कारण त्यांच्यातील अंतरातच या कामाची सगळी जोखीम आहे.

हा लेख कॅलिफोर्नियातील नगर प्रशासनात, सल्लागार संस्थेत किंवा नगर परिषदेच्या नागरिक समितीवर नव्याने काम करू लागलेल्या मराठी वाचकांसाठी आहे. अमेरिकेतील इतर राज्यांचे कायदे वेगळे आहेत आणि भारतात १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजाचा असा व्यापार गुन्हाच आहे, हे ध्यानात ठेवूनच पुढील मजकूर वाचावा.

पहिली पायरी : शहराचा अधिकार कोठून येतो ते पाहणे

राज्यात १९९६ साली औषधी वापराला आणि नोव्हेंबर २०१६ मध्ये ६४ क्रमांकाच्या जनमत प्रस्तावाने प्रौढांच्या वापराला मान्यता मिळाली. १ जानेवारी २०१८ पासून परवानाधारक दुकानांतून सर्वसाधारण विक्री सुरू झाली. २०२१ पासून राज्याचे परवाने ‘डिपार्टमेंट ऑफ कॅनाबिस कंट्रोल’ हा एकच विभाग देतो. त्याआधी हे काम तीन खात्यांत विभागलेले होते.

या व्यवसायाला दोन दारे आहेत. राज्याचा परवाना हवाच, पण स्थानिक नियमांचा भंग होत असेल तर राज्य परवाना देत नाही, आणि आपल्या हद्दीत असा व्यवसाय पूर्णपणे नाकारण्याचा अधिकारही शहराला आहे. अनेक शहरांनी तो वापरला आहे. ज्या शहराने परवानगी द्यायचे ठरवले, त्याला आधी नियमनाचा अध्यादेश, म्हणजे शहराचा स्थानिक कायदा, करावा लागतो : कोणत्या प्रकारचे व्यवसाय, किती, कोणत्या भागात, शाळेपासून किती अंतरावर, तपासणी कोण आणि किती वेळा करणार. शुल्काचा ठराव हा या अध्यादेशामागून येतो. ज्या कामाचा अध्यादेशात उल्लेख नाही, त्या कामाचा खर्च शुल्कात धरता येत नाही. म्हणून शुल्काचा तक्ता करणाऱ्याने अध्यादेशाचा मसुदा हाताशी ठेवून प्रत्येक कलमासमोर ‘हे काम कोण करणार आणि त्याला किती वेळ लागणार’ असा प्रश्न लिहून काढावा.

दुसरी पायरी : शुल्क आणि कर वेगळे ठेवणे

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे आणि नगर परिषदेच्या सभेत सर्वाधिक गोंधळही येथेच होतो. कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी २ नोव्हेंबर २०१० रोजी २६ क्रमांकाचा प्रस्ताव मंजूर करून राज्यघटनेत दुरुस्ती केली. तिच्यानुसार स्थानिक संस्थेने बसवलेली कोणतीही आकारणी ही मुळात करच मानली जाते. ती कर नाही असे म्हणायचे असेल तर घटनेतच दिलेल्या सात अपवादांपैकी एखाद्यात ती बसवून दाखवावी लागते. परवाना शुल्कासाठी उपयोगी पडणारा अपवाद तिसरा आहे. परवाना देणे, चौकशी, तपासणी आणि लेखापरीक्षण करणे, तसेच त्यांच्याशी संबंधित प्रशासकीय अंमलबजावणी करणे यासाठी येणारा वाजवी नियामक खर्च त्यात येतो. हे सिद्ध करण्याचा भार शहरावर आहे. रक्कम वाजवी खर्चापेक्षा जास्त नाही, एवढे दाखवून भागत नाही. खर्चाची वाटणी ज्या रीतीने केली तिचा आणि त्या व्यावसायिकामुळे शहरावर पडणाऱ्या बोजाचा, किंवा त्याला मिळणाऱ्या लाभाचा, न्याय्य संबंध आहे हेही दाखवावे लागते.

करासाठी मात्र मतदारांकडे जावे लागते. १९९६ च्या २१८ क्रमांकाच्या प्रस्तावानंतर नगर परिषदेने आणलेल्या सर्वसाधारण कराला साधे बहुमत आणि विशिष्ट कामासाठी राखून ठेवलेल्या कराला दोन तृतीयांश मते लागतात. ओकलंड शहराने जुलै २००९ मध्येच हा मार्ग धरला आणि गांजाच्या दुकानांवर एकूण विक्रीच्या १.८ टक्के कर मतदारांकडून मंजूर करून घेतला. असा कर बसवणारे ते अमेरिकेतील पहिले शहर होते. उद्यानांची डागडुजी, वाचनालयाचे वाढीव तास, तरुणांसाठी व्यसनमुक्तीचे कार्यक्रम ही सगळी चांगली कामे आहेत आणि त्यांच्यासाठी पैसा उभारण्याची इच्छाही रास्त आहे. पण तो पैसा कराने, मतदारांना उघडपणे विचारून उभारावा. तो परवाना शुल्कात मिसळला की शुल्काचा सगळा तक्ता संशयास्पद होतो आणि खटला उभा राहिला तर त्यातला रास्त भागसुद्धा अडचणीत येतो.

महाराष्ट्रातील कायद्याच्या अभ्यासकांना हा भेद परका नाही. १९५० च्या मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली न्यासांकडून घेतले जाणारे अंशदान कर आहे की शुल्क, हा प्रश्न १९५४ साली रतिलाल गांधी विरुद्ध मुंबई राज्य या खटल्यात भारताच्या सर्वोच्च न्यायालयासमोर आला होता. न्यासांच्या देखरेखीच्या खर्चासाठी वेगळ्या निधीत ती रक्कम जात असल्याने न्यायालयाने ती शुल्क मानली. कॅलिफोर्नियातही वेगळे लेखाशीर्ष ठेवण्याची सवय पहिल्या वर्षापासून लावून घ्यावी. उद्या हिशेब विचारला गेला तर तीच पहिली कामी येते.

इतर राज्यांनी हाच प्रश्न वेगळ्या रीतीने सोडवला आहे. मिशिगनमध्ये कायद्यानेच स्थानिक संस्थेच्या वार्षिक शुल्कावर ५,००० डॉलरची मर्यादा घातली आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये शहरे व्यावसायिकांशी करार करून एकूण विक्रीच्या ३ टक्क्यांपर्यंत ‘परिणाम शुल्क’ घेत असत, आणि परिणाम नेमका कोणता याचा हिशेब फारसा कोणी मांडत नसे. २०२२ च्या कायद्याने प्रत्यक्ष खर्चाशी वाजवी संबंध दाखवणे तेथे सक्तीचे केले. एखाद्या शहराच्या अहवालातून दुसऱ्या राज्यातील आकडे उचलून आपल्या तक्त्यात घालणे म्हणूनच धोक्याचे आहे. कॅलिफोर्नियातच, पण शेजारच्या शहरातले आकडे उचलणेही तितकेच चूक आहे, कारण घटनेतील कसोटी ‘आपल्या’ खर्चाची आहे.

तिसरी पायरी : कामांची यादी आणि तास

डॉलरचा विचार येथे अजून करायचा नाही. आधी तासांची नोंद करावी. नियोजन विभाग, अग्निशमन, इमारत परवाने, पोलीस, वित्त आणि शहराचे कायदा सल्लागार या प्रत्येकाशी स्वतंत्र बैठक घ्यावी आणि एका परवान्यामागे प्रत्यक्ष कोणते काम होते ते विचारावे. अर्जाची प्राथमिक छाननी, जागा योग्य क्षेत्रात आहे की नाही याची खात्री, मालक आणि व्यवस्थापकांची पार्श्वभूमी तपासणी, सुरक्षा आराखडा पाहणे, दुकान उघडण्यापूर्वीची स्थळभेट, वर्षभरातील अघोषित तपासण्या, विक्रीच्या हिशेबाचे लेखापरीक्षण, मालाचा माग ठेवणाऱ्या राज्याच्या ‘मेट्रक’ प्रणालीतील नोंदी दुकानातील मालाशी ताडून पाहणे, शेजाऱ्यांच्या वासाच्या किंवा वाहनतळाच्या तक्रारी, आणि शेवटी नूतनीकरण, अशी ती यादी साधारण होते.

येथे अंदाज मोठे सांगितले जातात, असा या कामातला सार्वत्रिक अनुभव आहे. विभागप्रमुखाला आपले काम कमी दिसू नये असे वाटते आणि नवीन विषयाची धास्तीही असते. म्हणून प्रत्येक आकड्यामागे आधार मागावा : दारूच्या दुकानाच्या किंवा मसाज पार्लरच्या परवान्याला याच शहरात किती तास लागतात, आणि गांजासाठी जास्त लागणार असतील तर नेमके कोणत्या कामासाठी? शहराने आधीच काही परवाने दिले असतील तर कर्मचाऱ्यांच्या वेळनोंदी उघडून पाहाव्यात. अंदाजापेक्षा त्या केव्हाही भक्कम असतात. राज्याचा विभाग स्वतःच्या तपासण्या करतो आणि त्यासाठी स्वतःचे शुल्कही घेतो. ते काम शहराच्या यादीत दुसऱ्यांदा येऊ नये.

विनापरवाना दुकानांवरील कारवाईचा खर्च कोणाच्या माथी मारायचा, हा प्रश्न हमखास निघतो. परवानाधारक म्हणतो की माझा धंदा तोच बुडवतो, वर त्याच्यावरील छाप्याचा खर्चही मीच द्यायचा का? त्याचे म्हणणे मला रास्त वाटते. असा खर्च सर्वसाधारण निधीतून किंवा मतदारांनी मंजूर केलेल्या करातून करणे हाच अधिक सुरक्षित आणि न्याय्य मार्ग आहे.

चौथी पायरी : तासाचा पूर्ण दर

कर्मचाऱ्याचा पगार म्हणजे त्याचा पूर्ण खर्च नव्हे. पगार, निवृत्तिवेतन आणि आरोग्य विम्यासारखे लाभ, आणि त्यावर कार्यालय, संगणक, मनुष्यबळ विभाग यांचा वाटा मिळून तासाचा पूर्ण दर बनतो. वर्षाचे ५२ आठवडे आणि आठवड्याचे ४० तास धरले तर २,०८० तास होतात. त्यातून सुट्ट्या, रजा आणि प्रशिक्षण वजा केल्यावर उरणारे तासच भागाकारात घ्यायचे असतात. भाजक २,०८० ठेवला तर दर खोटा कमी येतो आणि शहराला तोटा होतो. रजा अवाच्या सवा वजा केली तर दर फुगतो. अप्रत्यक्ष खर्चाची टक्केवारी शहराच्या मान्य खर्चवाटप आराखड्यातूनच घ्यावी, शुल्कासाठी वेगळी बनवू नये.

पुढील आकडे केवळ समजण्यासाठी कल्पिलेले आहेत. समजा, नियोजन अधिकाऱ्याचा पगार आणि लाभ मिळून वर्षाला १,५०,००० डॉलर आहेत आणि प्रत्यक्ष कामाचे तास १,७०० आहेत. तासाला सुमारे ८८ डॉलर झाले. त्यावर ३० टक्के अप्रत्यक्ष खर्च धरला की दर सुमारे ११५ डॉलर येतो. एका किरकोळ दुकानासाठी हा अधिकारी नूतनीकरणाच्या फाइलवर १२ तास, प्रत्येकी ५ तासांच्या चार तपासण्यांवर २० तास, नोंदींच्या पडताळणीवर २० तास आणि तक्रारींवर ८ तास घालवतो. एकूण ६० तास, म्हणजे ६,९०० डॉलर. पोलिसांचे १५ तास १६० डॉलर दराने २,४०० डॉलर, वित्त विभागाचे ८ तास १२० डॉलर दराने ९६० डॉलर, आणि कायदा सल्लागाराचे ४ तास २५० डॉलर दराने १,००० डॉलर. बेरीज ११,२६० डॉलर होते. परवान्यांसाठी घेतलेल्या सॉफ्टवेअरचा वर्षाचा १२,००० डॉलर खर्च सहा परवान्यांत वाटला तर प्रत्येकी २,००० डॉलर वाढतात आणि वार्षिक शुल्क १३,२६० डॉलरवर येते.

या हिशेबात एक नाजूक जागा आहे. सहा दुकाने येतील असे धरले आणि तीनच आली, तर सॉफ्टवेअरचा वाटा प्रत्येकी ४,००० डॉलर होतो आणि शुल्क १५,२६० डॉलरपर्यंत चढते. म्हणून परवान्यांच्या संख्येचा अंदाज आशेवर न बांधता अध्यादेशातील मर्यादा, उपलब्ध जागा आणि प्रत्यक्ष विचारणा करणारे अर्जदार यांच्यावर बांधावा, आणि तो कसा बांधला ते अहवालात लिहावे.

पाचवी पायरी : व्यवसायाच्या प्रकारानुसार वाटणी

सर्वांना एकच शुल्क लावणे सोपे असते, पण वाटणीच्या कसोटीवर ते टिकणे अवघड आहे. ग्राहकांची ये-जा असलेल्या दुकानात पोलीस आणि तक्रारींचे तास जास्त लागतात. ब्यूटेनसारखे ज्वलनशील द्रावक वापरून अर्क काढणाऱ्या उत्पादकाकडे अग्निशमन अधिकाऱ्यालाच अनेकदा जावे लागते. बंदिस्त जागेत लागवड करणाऱ्याकडे वास, वीजभार आणि वायुवीजन हे विषय असतात, तर चाचणी प्रयोगशाळेला शहराचा फारच कमी वेळ लागतो. म्हणून प्रत्येक प्रकारासाठी तासांचा स्वतंत्र तक्ता करावा, मग शुल्क आपोआप वेगवेगळे निघते.

विक्रीच्या उलाढालीवर शुल्क लावण्याचा मोह टाळावा. राज्याचा विभाग किरकोळ दुकानांकडून उलाढालीच्या श्रेणीनुसार वर्षाला २,५०० ते ९६,००० डॉलर घेतो, म्हणून आपणही तसेच करू, असे सभेत कोणीतरी म्हणतेच. राज्याच्या कायद्यातच व्यवसायाच्या आकारानुसार श्रेणी ठरवण्याची तरतूद आहे. शहराला मात्र, दुप्पट विक्री करणाऱ्या दुकानासाठी आपल्या कर्मचाऱ्यांचे तास खरोखर दुप्पट लागतात, हे स्वतःच्या नोंदींतून दाखवता आले पाहिजे. बहुधा ते दाखवता येत नाही.

सहावी पायरी : शुल्काचे टप्पे, सवलती आणि रोख रक्कम

ज्या शहरात परवाने मोजके आणि इच्छुक पुष्कळ असतात, तेथे सगळी रक्कम अर्जासोबतच घेणे अन्यायाचे ठरते. ज्याला परवाना मिळणारच नाही, त्याने वर्षभराच्या तपासणीचे पैसे का द्यावेत? अर्ज छाननीचे शुल्क, निवड झालेल्यांच्या सविस्तर तपासणीचे शुल्क, परवाना देतानाचे शुल्क आणि वार्षिक शुल्क असे चार भाग करावेत. प्रत्येक भागात त्या टप्प्याचेच तास असावेत, आणि अर्ज मागे घेतल्यास कोणता भाग परत मिळेल ते अर्जाच्या नमुन्यातच छापावे. पर्यावरणविषयक अभ्यासासारखे ज्या कामाचा खर्च आधी सांगता येत नाही, त्यासाठी अनामत घेऊन प्रत्यक्ष खर्च त्यातून वळता करणे बरे.

गांजाविरोधी कारवाईची झळ ज्या वस्त्यांना सर्वाधिक बसली, तेथील अर्जदारांना सामाजिक न्यायाच्या योजनेतून शुल्क माफी किंवा सवलत देण्याची पद्धत ओकलंडने २०१७ पासून आणली आणि पुढे इतर शहरांनीही तशा योजना केल्या. ही योजना मनापासून राबवण्याजोगी आहे. भांडवलाअभावी मागे पडणाऱ्यांसाठी पहिला अडथळा बहुतेक वेळा शुल्काचाच असतो. पण माफ केलेली रक्कम उरलेल्या व्यावसायिकांच्या शुल्कात चढवता येत नाही, कारण मग ते आपल्या बोज्यापेक्षा जास्त भरतात. ती तूट सर्वसाधारण निधीतून किंवा अशा योजनांसाठी राज्याकडून मिळणाऱ्या अनुदानातून भरावी, आणि अर्थसंकल्पात तशी तरतूद आधीच करावी.

फेडरल, म्हणजे अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या, कायद्यामुळे अनेक बँका या व्यवसायांची खाती उघडत नाहीत, त्यामुळे शुल्क रोखीने येते. वेळ ठरवून देणे, नोटा मोजण्याचे यंत्र, सुरक्षारक्षक आणि रक्कम नेण्याची व्यवस्था हा खरा खर्च आहे. पण धनादेशाने भरणाऱ्यावर तो लादू नये. शिवाय गांजा अमली पदार्थांच्या फेडरल यादीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या अनुसूचीत असेपर्यंत प्राप्तिकर कायद्याचे २८०ई हे कलम या व्यावसायिकांना नेहमीच्या खर्चाच्या वजावटी नाकारते, आणि एरवी कोणत्याही दुकानदाराला वजावटीत दाखवता येणारे परवाना शुल्क त्यात अडकते. यामुळे शहराचा खर्च कमी होत नाही, हे खरे. पण वार्षिक शुल्क चार हप्त्यांत घेण्याची सोय केली तर छोट्या दुकानाला श्वास घेता येतो आणि शहराचे काही बिघडत नाही.

येथेच एक इशारा देणे मला आवश्यक वाटते. ग्रीन कार्डधारक मराठी वाचकांपैकी कोणी अशा परवानाधारक व्यवसायात नोकरी किंवा गुंतवणूक करण्याचा विचार करत असेल, तर आधी इमिग्रेशनच्या वकिलाचा सल्ला घ्यावा. राज्याने कायदेशीर ठरवलेले हे काम फेडरल कायद्याच्या दृष्टीने नागरिकत्वाच्या अर्जात आड येऊ शकते, असे तेथील नागरिकत्व विभागाने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे.

सातवी पायरी : अहवाल, सुनावणी आणि ठराव

शुल्काचा अहवाल असा लिहावा की ज्याने आधीची एकही बैठक पाहिलेली नाही, त्यालाही प्रत्येक आकडा कोठून आला ते शोधता यावे. तासांचे तक्ते, दर, भागाकार, परवान्यांच्या संख्येचा आधार आणि वगळलेल्या खर्चांची यादी जोडावी. जाहीर सुनावणीची सूचना वर्तमानपत्रात वेळेवर द्यावी आणि सुनावणीच्या पुरेसे आधी अहवाल लोकांसाठी खुला ठेवावा. दिवसांची नेमकी अट शुल्काच्या प्रकारानुसार बदलते, म्हणून ती कायदा सल्लागाराकडून लेखी घ्यावी.

सुनावणीच्या आधी व्यावसायिकांशी आणि शेजारच्या रहिवाशांशी वेगवेगळे बोलून घेतले तर पुष्कळ चुका तेथेच सापडतात. रहिवाशांना शुल्क मोठे असावे असे वाटते, कारण मोठे शुल्क म्हणजे कडक नियंत्रण अशी त्यांची समजूत असते. नियंत्रण तपासणीच्या तासांतून येते. जास्त तपासण्या हव्या असतील तर अध्यादेशात तपासण्यांची संख्या वाढवावी, मग शुल्क त्या प्रमाणात वाढेल आणि ते समर्थनीयही असेल. सभेत एखादा सदस्य ‘हा आकडा गोल करून २०,००० करू या’ असे म्हणाला, तर अधिकाऱ्याने नम्रपणे पण ठामपणे सांगावे की वाढीव रकमेला अहवालात आधार नाही. हा संवाद इतिवृत्तात नोंदला गेला आणि आकडा तरीही वाढवला गेला, तर ते इतिवृत्त शहराच्याच विरुद्ध पुरावा ठरते.

आठवी पायरी : दरवर्षीचा पडताळा

पहिले शुल्क हा अंदाजच असतो, म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक कर्मचाऱ्याला गांजा परवान्यांसाठी स्वतंत्र वेळसंकेत द्यावा. पंधरवड्याच्या वेळपत्रकात तो भरला गेला की वर्षाअखेरीस खरे तास हाती येतात. जमा रक्कम खर्चापेक्षा जास्त असेल तर पुढील वर्षी शुल्क कमी करावे आणि शिल्लक त्याच लेखाशीर्षात ठेवावी. कमी पडली असेल तर कोणत्या कामाला अंदाजापेक्षा जास्त वेळ लागला ते शोधून तेवढाच तक्ता बदलावा. महागाई निर्देशांकानुसार दरवर्षी आपोआप वाढ करण्याची तरतूद ठरावात घालता येते, पण वाढलेले शुल्कही प्रत्यक्ष खर्चाच्या आतच राहिले पाहिजे, आणि अनुभवी झालेले कर्मचारी तेच काम दुसऱ्या वर्षी कमी तासांत करू लागतात. त्यामुळे निर्देशांकाची वाढ लागू करण्यापूर्वी मागील वर्षाची वेळपत्रके वित्त विभागाने तपासून सही करावी, आणि ती सही असलेला तक्ता नवीन शुल्काच्या सूचनेसोबत प्रत्येक परवानाधारकाला पाठवावा.